जादूनगरीची चढती वाट

सागरगोट्यांचा खेळ सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रथम एक गोटा वर उडवायचा आणि तो खाली येण्याच्या आत जमिनीवरील एक गोटा उचलून वरचा गोटा झेलायचा. हे साधले म्हणजे दोन-दोन गोटे उचलायचे, मग तीन आणि शेवटी चारही एकदम. खेळणारी मुलगी प्रत्येक डावात तीच कृती करीत असते. परंतु प्रत्येक वेळी तिच्या हाताला पूर्वीपेक्षा थोडी अधिक चपळाई दाखवावी लागते. पहिल्याच डावात चारही गोटे उचलण्यास सांगितले, तर नवखी मुलगी खेळ टाकून उठेल. वर्षानुवर्षे एकेकच गोटा उचलण्यास सांगितले, तर तरबेज मुलगी कंटाळून उठून जाईल. पिढ्यान्‌पिढ्या खेळणाऱ्या हातांनी या दोन्ही गोष्टी टाळल्या आणि सोप्याकडून कठीणाकडे जाणारा एक सुरेख क्रम घडविला.

आजची मुले संगणकाच्या पडद्यावर जे खेळ खेळतात, त्यांच्या वाट्याला पिढ्यांचा एवढा अवधी येत नाही. माणसांची एक मंडळी एकत्र बसून थोड्या वर्षांत ते तयार करते. या मंडळीत कोणी चित्रे काढतो, कोणी संगीत रचतो, कोणी संगणकाच्या भाषेत आज्ञा लिहितो. आणखी एकाचे काम मात्र असे असते की, ते पडद्यावर कोठेच दिसत नाही. खेळाडूच्या वाटेत कोणती अडचण ठेवावी, कोठे ठेवावी आणि ती केवढी असावी, हे तो ठरवितो. त्याला खेळाचा रचनाकार म्हणतात. चित्रे कितीही मनोहर असली, तरी रचनाकाराचा अंदाज चुकला की खेळ फसतो.

अंदाज दोन बाजूंनी चुकू शकतो. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने कडे चढणारे गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, शस्त्रवैद्य अशा निरनिराळ्या लोकांचा अभ्यास केला. कामात माणूस अगदी रंगून जातो, तहानभूक विसरतो, ती अवस्था केव्हा येते, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. आपला विचार त्यांनी १९७५ आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांतून मांडला. अंगच्या कौशल्यापेक्षा काम फार कठीण असेल, तर माणसाच्या मनात भीती उत्पन्न होते. काम फार सोपे असेल, तर कंटाळा येतो. या दोहोंच्या मधून एक अरुंद वाट जाते आणि आनंद त्या वाटेवर असतो. मात्र ही वाट सपाट नसते. सरावाने कौशल्य वाढत जाते, म्हणून वाटेलाही चढ असावा लागतो.

एका माणसासाठी अशी वाट आखणे हेच अवघड. मग एकाच खेळात आठ वर्षांचा मुलगा, त्याची बारा वर्षांची बहीण आणि त्यांची आई एकत्र खेळणार असतील, तर? एकाला जो चढ छातीवर येतो, तोच दुसऱ्याला जाणवतही नाही. सर्वांनी एकाच जगात हिंडावे, कोणी मागे राहू नये आणि कोणी कंटाळू नये, असा खेळ कसा रचावा? या प्रश्नाला काही अंशी यशस्वी उत्तर देणारा एक खेळ २ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेत सुरू झाला. त्याचे नाव ‘विझर्ड १०१’. अमेरिकेतील महाविद्यालयांत एखाद्या विषयाच्या अगदी पहिल्या अभ्यासक्रमाला बहुधा १०१ हा क्रमांक असतो. तेव्हा या नावाचा अर्थ ‘जादूगाराचे पहिले पाठ’ असा होतो.

हा खेळ टेक्सास राज्यातील किंग्जआइल या कंपनीने तयार केला. त्याच्या निर्मितीची सूत्रे ज्यांच्या हाती होती, त्या जे. टॉड कोलमन यांचा आधीचा खेळ अगदी निराळ्या स्वभावाचा होता. २००३ साली निघालेल्या ‘शॅडोबेन’ या त्या खेळात खेळाडू मोठ्या कष्टाने नगरे वसवीत आणि इतर खेळाडू वेढा घालून ती धुळीस मिळवीत. तो खेळ प्रौढ आणि कणखर मनाच्या खेळाडूंसाठी होता. ‘विझर्ड १०१’ हा मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्या मंडळींसाठी आखलेला खेळ. येथे संकटे आणि लढाया आहेत; परंतु एकाने उभारलेले दुसऱ्याने उद्ध्वस्त करावे, असा प्रकार नाही.

या खेळातील खेळाडू म्हणजे जादूची विद्या शिकण्यासाठी आलेला एक विद्यार्थी. ‘विझर्ड सिटी’ नावाच्या नगरात रेव्हनवुड ही जादूची शाळा आहे आणि मर्ल अँब्रोज हे वृद्ध जादूगार तिचे मुख्याध्यापक आहेत. नगरातील गल्ल्यांत दुष्ट प्राणी शिरले आहेत आणि त्यांना हुसकावून लावण्याचे काम विद्यार्थ्याकडे येते. त्याची पहिली गल्ली म्हणजे ‘युनिकॉर्न वे’. तेथे भुते आणि सांगाडे भटकत असतात.

या गल्लीची रचना लक्ष देऊन पाहण्याजोगी आहे. भुते हिंडतात ती रस्त्याच्या मधोमध. दोन्ही कडांना पदपथ आहेत आणि पदपथावर भूत कधी पाऊल टाकीत नाही. ही गोष्ट साधी दिसते. परंतु तिच्यामागे लहान मुलांविषयीचा मोठा विचार आहे. भित्रा मुलगा पदपथावर कितीही वेळ उभा राहून इतरांच्या लढाया पाहू शकतो. धीर आला म्हणजे तो एक पाऊल रस्त्यात टाकतो. संकट त्याच्या अंगावर धावून येत नाही. त्याच्या तयारीची वाट पाहते. धैर्य दुसऱ्याने ढकलल्याने येत नाही, ते आपल्या पायांनी पुढे गेल्यानेच येते, हे त्या रचनाकारांनी ओळखले होते.

लढाई सुरू झाली की जमिनीवर एक वर्तुळ उमटते. एका बाजूला जादूगार आणि दुसऱ्या बाजूला शत्रू उभे राहतात व पाळीपाळीने मंत्र टाकतात. हे मंत्र पत्त्यांच्या रूपात असतात. खेळाडूच्या हाती एका वेळी सात पत्ते येतात आणि त्यांतून एक निवडण्यासाठी त्याला तीस सेकंदांचा अवधी मिळतो. त्यामुळे ज्याची बोटे चपळ त्याचाच जय, असे येथे होत नाही. आठ वर्षांच्या मुलाला पत्त्यावरचा मजकूर वाचण्यास वेळ मिळतो आणि संगणकाची सवय नसलेल्या वडील माणसालाही विचार करता येतो.

प्रत्येक पाळीला जादूगाराला शक्तीचा एक बिंदू मिळतो. साधा मंत्र एका बिंदूत टाकता येतो. प्रबळ मंत्रासाठी अनेक बिंदू साठवावे लागतात. म्हणून प्रत्येक पाळीला एक प्रश्न पुढे येतो : आता लहानसा घाव घालावा, की सोसून राहावे आणि शक्ती साठवून मोठा घाव घालावा? पहिल्या गल्लीत या प्रश्नाला फारसे महत्त्व नसते. लहान घावांनीही भूत पळते. पुढे शत्रू बलवान होतात, तसा हा प्रश्न खरा होत जातो. नियम पहिल्या दिवशी जो होता तोच राहतो. त्याची खोली मात्र वाढत जाते. सागरगोट्यांतही हेच घडते.

चढती वाट आखण्याचे पहिले सूत्र यात सापडते. एका ठिकाणी एकच नवी गोष्ट शिकवावी आणि ती पचल्यावर दुसरी पुढे आणावी. ‘युनिकॉर्न वे’नंतर ‘ट्रायटन अव्हेन्यू’, ‘सायक्लोप्स लेन’, ‘फायरकॅट ॲली’ या गल्ल्या आहेत. ‘फायरकॅट ॲली’मध्ये अग्नीचे प्राणी राहतात. अग्नीच्या प्राण्याला अग्नीच्या मंत्राने फारशी इजा होत नाही. तोपर्यंत आपल्या आवडत्या मंत्राने सर्वांना जिंकत आलेला अग्निविद्येचा विद्यार्थी येथे अडखळतो. कोणीही त्याला उपदेश करीत नाही. परंतु एकाच शस्त्रावर विसंबून राहू नये, हा धडा ती गल्लीच त्याला देते. मग तो दुसऱ्या एखाद्या विद्येतील मंत्र शिकून घेण्याच्या खटपटीस लागतो. तशी सोय खेळात आहेच.

दुसरे सूत्र असे की, सर्वांना एकाच चढावरून नेऊ नये. या खेळात सात विद्या आहेत : अग्नी, हिम, वादळ, जीवन, मृत्यू, पुराणकथा आणि समतोल. आरंभी खेळाडूला त्याच्या स्वभावाविषयी काही प्रश्न विचारले जातात आणि त्याला शोभेल अशी विद्या सुचविली जाते. ती न आवडल्यास तो दुसरी घेऊ शकतो. हिमविद्येचा जादूगार पुष्कळ आघात सोसू शकतो, पण त्याचा घाव सौम्य असतो. वादळविद्येच्या जादूगाराचा घाव सर्वांत प्रखर, परंतु त्याची सोसण्याची ताकद थोडी आणि त्याचा मंत्रही पुष्कळदा फसतो. शंभर वेळा मंत्र टाकला, तर वादळाचा मंत्र सुमारे सत्तर वेळा लागू पडतो आणि जीवनविद्येचा सुमारे नव्वद वेळा. अशा रीतीने, सोपी वाट हवी की धोक्याची, हे खेळाडूने स्वतःच निवडलेले असते. ‘सोपे’ आणि ‘कठीण’ अशा पाट्या लावल्या असत्या, तर सोपी पाटी निवडणाऱ्या मुलाला कमीपणा वाटला असता. येथे हिम निवडणारा चिवट ठरतो आणि वादळ निवडणारा साहसी. कमीपणा कोणाकडेच येत नाही.

विझर्ड सिटी संकटमुक्त झाली म्हणजे पुढची वाट उघडते. या खेळात अनेक लहान-मोठी जगे आहेत आणि ती सर्व मिळून ‘स्पायरल’ या नावाने ओळखली जातात. शाळेच्या आवारातील एका पुरातन वृक्षात एक दार आहे. त्या दारातून एका जगातून दुसऱ्या जगात जाता येते. मात्र त्यासाठी त्या-त्या जगाची किल्ली लागते आणि ती आधीचे काम पार पाडल्याशिवाय मिळत नाही. पहिल्या कथेत विझर्ड सिटीनंतर चार जगे येतात. क्रोकोटोपिया हे प्राचीन मिसर देशासारखे वाळवंटी जग आहे. तेथे पिरॅमिड आहेत आणि मगरींचे राज्य होऊन गेले आहे. मार्लीबोन हे जुन्या लंडनसारखे धुक्याने भरलेले शहर. तेथील नागरिक कुत्रे आणि चोर मांजरे आहेत. मूशू हे पूर्वेकडील देशांची आठवण करून देणारे शांत जग; तेथील सम्राट आजारी पडला आहे. शेवटचे जग ड्रॅगनस्पायर म्हणजे तप्त लाव्हाच्या काठी उभे असलेले भग्न विद्यापीठ.

शत्रूंची ताकद तर जगागणिक वाढत जातेच; परंतु ठिकाणांच्या या बदलाचे आणखी एक प्रयोजन आहे. घाटात सलग चढणाऱ्या माणसाला मधूनमधून वळण लागते आणि खालचे खोरे दिसते. तेथे तो क्षणभर थांबून श्वास घेतो. कठीण झुंज संपल्यावर लगेच तशीच दुसरी झुंज समोर आली, तर जिंकल्याचा आनंद घेण्यास सवडच उरत नाही. एका भागाच्या शेवटी शत्रूंच्या म्होरक्याशी मोठा सामना होतो. त्यानंतर नवे जग येते, नवे वेष, नवे संगीत, नवी माणसे. मंत्र शिकविणाऱ्या गुरूंकडे जाऊन नवा मंत्रही मिळवावयाचा असतो. थोडा वेळ खेळाडू केवळ पाहत हिंडतो. मग चढ पुन्हा सुरू होतो. म्हणून खेळाच्या कठीणतेचा आलेख सरळ रेषेचा नसून करवतीच्या दात्यांसारखा असावा, असे जाणते रचनाकार मानतात : चढ, किंचित उतार आणि पुन्हा त्याहून उंच चढ.

या खेळातील कथेलाही असाच चढ आहे. आरंभी वाईट म्हणजे गल्लीतील भुते, एवढेच खेळाडूला ठाऊक असते. पण शाळेच्या आवारात पहिल्या दिवसापासून एक जागा रिकामी दिसते. मृत्युविद्येची शाळा तेथून नाहीशी झाली असून त्या जागी खोल खड्डा आहे. त्या विद्येचे गुरू मॅलिस्टेअर हेच या सर्व संकटांचे मूळ असल्याचे पुढे कळते. त्यांची पत्नी सिल्व्हिया मरण पावली आहे. तिला परत आणता यावे म्हणून ते ड्रॅगनस्पायरमधील प्रचंड ड्रॅगनला जागे करण्याच्या मागे लागले आहेत. मग त्यात जगाचा नाश झाला तरी चालेल. शेवटच्या लढाईत समोर उभा असतो तो राक्षस नव्हे, तर दुःखाने विवेक गमावलेला एक शिक्षक. त्याला थांबविणे तर भागच असते. परंतु त्याचा केवळ राग येऊन भागत नाही. विचारांची ही चढण मुलांना पेलणार नाही, असे रचनाकारांनी मानले नाही. पहिल्याच दिवशी मात्र त्यांनी ती समोर ठेवली नाही. आधी भुते, मग चोर, मग आजारी सम्राट आणि शेवटी हा दुःखी गुरू, असा क्रम त्यांनी लावला.

आता पराभवाचा विचार करू जाता असे दिसते की, चढ जितका महत्त्वाचा, तितकेच घसरून पडण्याची जागा कशी आहे हेही महत्त्वाचे असते. काही खेळांत हरलेला खेळाडू आपली शस्त्रे, संपत्ती, कधी तर सारी कमाई गमावतो. ‘विझर्ड १०१’मध्ये हरलेला जादूगार नगराच्या सुरक्षित चौकात परत येतो. त्याची प्राणशक्ती जवळजवळ संपलेली असते. पण त्याने मिळविलेले मंत्र, वस्त्रे, नाणी यांपैकी काहीच जात नाही. वाटेत तरंगणाऱ्या लाल ज्योती वेचल्या की प्राणशक्ती भरून येते आणि निळ्या ज्योती वेचल्या की जादूची शक्ती. पराभवाची किंमत म्हणून केवळ थोडा वेळ आणि पुन्हा चालत जाण्याचे श्रम द्यावे लागतात. किंमत मुळीच नसती, तर विजयाला गोडी राहिली नसती. ती फार असती, तर मुलांनी पुन्हा प्रयत्नच केला नसता. पडणाऱ्याला लागावे, परंतु मोडू नये, हा बेत येथे साधलेला आहे.

शिवाय पडलेल्याला उचलण्याची सोयही आहे. एका लढाईत चार जादूगारांपर्यंत एकत्र येऊ शकतात. रस्त्याने जाणारा कोणीही वर्तुळात पाऊल टाकून मदतीस येऊ शकतो. मात्र असा सोबती आला की बहुधा आणखी एक शत्रूही वर्तुळात शिरतो. म्हणजे मदत मिळते, पण ती आयते यश देत नाही. लढता-लढता एखाद्याची प्राणशक्ती संपली, तरी तो वर्तुळातच असतो आणि जीवनविद्या जाणणारा सोबती मंत्राने त्याला पुन्हा उभा करू शकतो. घरातील मंडळी एकत्र खेळत असली म्हणजे याचा खरा उपयोग होतो. थोरल्या बहिणीने शत्रूला अडवावे आणि धाकट्या भावाने तिला सावरावे, असेही घडते. लहानाला दयेने सोबत घ्यावे लागत नाही, त्याची गरजच भासते.

अनोळखी लोकांच्या सहवासात धोकाही असतो, याचे भान रचनाकारांनी ठेवले. खेळाडूला स्वतःचे खरे नाव वापरावे लागत नाही; ठरावीक यादीतील शब्द जुळवून नाव घ्यावे लागते. लहान मुले एकमेकांशी बोलतात ती आधी तयार करून ठेवलेल्या वाक्यांतून. ‘मला मदत कर’, ‘चला, पुढे जाऊ’ अशी कामाची वाक्ये तेथे असतात. मुलाचा पत्ता विचारणारे वाक्य नसते.

ज्यांचे कौशल्य फार वाढले आहे, त्यांचे काय? मुख्य वाट अधिक कठीण केली, तर लहान मुले अडकतील. म्हणून अधिक खडतर ठिकाणे मुख्य वाटेच्या बाजूला ठेवलेली आहेत. विझर्ड सिटीतच ‘संकन सिटी’ नावाचे एक बुडालेले नगर आहे. तेथे गेल्यावाचून कथा अडत नाही; जाणाऱ्याची मात्र चांगलीच कसोटी लागते. पुढे याच नगरात ‘वॉटरवर्क्स’ हे आणखी कठीण स्थळ उघडण्यात आले. साठाव्या पायरीवर पोहोचलेल्या जादूगारासच तेथे प्रवेश मिळतो. विशेष हे की, त्याची वाट नवख्यांच्या गल्लीतून जाते. अनेक जगे पाहून आलेला जादूगार पुन्हा आपल्या पहिल्या नगरात येतो आणि त्याला पाहून नवख्या मुलालाही पुढे किती जायचे आहे, याची कल्पना येते.

एवढे सर्व ठरविले, तरी रचनाकाराचे काम संपत नाही. ज्याने कोडे रचले, त्याला ते सोपेच वाटते. कारण उत्तर त्याला आधीच ठाऊक असते. त्यामुळे खेळ दुसऱ्यांना खेळू देणे आणि आपण गप्प बसून पाहणे, हा या धंद्यातील मोठा अभ्यास होय. मुलगा कोठे थांबतो, कोठे हसतो, कोठे त्याचा चेहरा पडतो आणि कोठे तो खेळ बंद करतो, हे टिपून घ्यावे लागते. ‘विझर्ड १०१’मध्ये नवे भाग सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी ते एका वेगळ्या चाचणीच्या जगात खेळाडूंना खेळून पाहता येतात. असे पाहिल्यावर पुष्कळदा असे ध्यानात येते की, जो भाग कठीण वाटला तो कठीण नसून केवळ अस्पष्ट होता. दार कोठे आहे हेच न दिसल्यामुळे मुले अडली होती. अशा वेळी शत्रू दुबळा करण्याऐवजी दारावर दिवा लावणे हा खरा उपाय होय.

खऱ्या कठीणतेत आणि खोट्या कठीणतेत आणखी एक भेद आहे. शत्रूची प्राणशक्ती दसपट केली, तर लढाई लांबते. पण तिच्यात नवा विचार येत नाही. तोच मंत्र पुन्हा पुन्हा टाकीत बसावे लागते. त्याला कष्ट म्हणता येईल, कसोटी नव्हे. खेळ जुना होत जातो, तसा हा दोष शिरण्याचा संभव वाढतो. पहिल्या कथेत जादूगाराला चढण्यासाठी पन्नास पायऱ्या होत्या. पुढे २०१० मध्ये सेलेस्टिया हे समुद्राखालचे जग आले, त्यानंतर आणखी जगे येत गेली आणि पायऱ्यांची संख्या शंभराच्या पलीकडे गेली. प्रत्येक नव्या जगात केवळ आकडे मोठे करून भागत नाही. नवी युक्ती लागेल, असे काही तरी आणावे लागते.

सर्वांत मोठा मोह पैशाचा असतो. असे खेळ चालविण्यास खर्च येतो आणि तो कोठून तरी भरून काढावाच लागतो. ‘विझर्ड १०१’मधील पहिल्या काही गल्ल्या विनामूल्य आहेत, पुढील भागांसाठी पैसे द्यावे लागतात, शिवाय पैसे देऊन काही वस्तूही विकत घेता येतात. पुस्तकाची किंमत द्यावी लागते, तशी खेळाचीही द्यावी लागली, तर त्यात वावगे काही नाही. परंतु एखाद्याने वाटेत मुद्दाम अशी भिंत उभारली की, ती कौशल्याने चढताच येऊ नये, आणि भिंतीशेजारीच शिडीचे दुकान थाटले, तर ती चढण राहत नाही. ती वाटमारी होते. कोणत्याही खेळाचा प्रामाणिकपणा पाहण्याची कसोटी सोपी आहे. अडचण ओलांडल्यावर खेळाडू पूर्वीपेक्षा अधिक जाणता झाला असेल, तर ती अडचण खरी. त्याचा केवळ खिसा हलका झाला असेल, तर ती खोटी. ही कसोटी रचनाकारांनी लावावी, तशी खेळणाऱ्यांनीही लावावी.

अडचण ही मुलांची वैरी आहे असे समजून तिला वाटेतून पार काढून टाकणारा रचनाकार मुलांचे हित करीत नाही. त्यांना जिंकण्याच्या आनंदापासूनच तो वंचित ठेवतो. अडचणींचा डोंगर उभा करून जो मिरवितो, तोही त्यांचे हित करीत नाही. त्याला फक्त स्वतःची चतुराई दाखवावयाची असते. चांगला रचनाकार चढणाऱ्याच्या एक पाऊल पुढे जातो, पुढची पायरी त्याच्या गुडघ्याएवढी आहे की नाही ते पाहतो आणि मग बाजूला होतो. पायरी चढावयाची असते ती मुलानेच. वर पोहोचल्यावर त्याला वाटते की, हे सर्व आपण आपल्याच बळावर केले. आणि ते खरेही असते.

अभ्यास

१. सागरगोट्यांच्या खेळातील क्रम आणि ‘विझर्ड १०१’मधील क्रम यांत कोणते साम्य आहे?

२. कारणे द्या :
(अ) ‘युनिकॉर्न वे’मधील भुते पदपथावर येत नाहीत.
(आ) पत्ता निवडण्यासाठी तीस सेकंद दिले जातात.
(इ) अधिक कठीण ठिकाणे मुख्य वाटेच्या बाजूला ठेवलेली आहेत.

३. ‘पडणाऱ्याला लागावे, परंतु मोडू नये’, या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

४. खरी अडचण आणि खोटी अडचण यांतील फरक सांगून प्रत्येकी एक उदाहरण स्वतःच्या अनुभवातून द्या.

५. पुढील शब्द वाक्यांत योजा : तहानभूक विसरणे, धुळीस मिळविणे, चेहरा पडणे, कसोटी लागणे.

६. लगोरी, लंगडी किंवा आट्यापाट्या यांपैकी एक खेळ घ्या. लहान मुलांना आणि मोठ्या मुलांना तो एकत्र खेळता यावा, यासाठी त्याच्या नियमांत कोणते बदल कराल, ते दहा ओळींत लिहा.